गुऱ्हाळाची बाजू

विधिमंडळाचं अधिवेशन लांबलं, की वर्तमानपत्रात मथळा झळकतो : ‘चर्चेचं गुऱ्हाळ सुरूच’. निवडणुकीच्या तोंडावर जागावाटप सुटेना झालं, की ‘बैठकांचं गुऱ्हाळ’. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या दुरुस्तीवर दोन तास वाद चालतो आणि मागच्या रांगेतून कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘‘बास करा आता हे गुऱ्हाळ!’’ या तिन्ही ठिकाणी ना ऊस असतो, ना काहील, ना गुळाचा एखादा खडा. शहरात वाढलेल्या पिढीला तर गुऱ्हाळ म्हणजे निष्फळ, लांबट, कंटाळवाणं बोलणं, एवढाच अर्थ ठाऊक असतो. या नावाची एक खरीखुरी जागा असते, तिथे रात्रभर जाळ पेटलेला असतो आणि सकाळी तिथून आपल्या पुरणपोळीचा गूळ बाहेर पडतो, हे सांगावं लागतं.

पोकळ बोलण्याला नावं ठेवायला मराठी माणूस नेहमीच स्वयंपाकघरात गेला आहे. ताज्या लोण्यापासून कढवलेलं तूप ते लोणकढं, आणि तितक्याच ताजेपणानं रचलेली थाप ती लोणकढी. जुना, संपलेला विषय उकरून काढला, की शिळ्या कढीला ऊत. नुसत्या कल्पनेत रमणारा मनात मांडे खातो. साध्या घटनेला तिखटमीठ लावलं जातं आणि बेचव विनोद पाणचट ठरतो. यातले बहुतेक वाक्प्रचार त्या त्या पदार्थाला न्याय देतात. कढी शिळी असेल तर तिला ऊत आणून ती ताजी होत नाही, हे खरंच आहे. मनातल्या मांड्यांनी पोट भरत नाही, हेही खरं. गुऱ्हाळाच्या बाबतीत मात्र भाषेनं अर्धीच गोष्ट उचलली. फिरणं उचललं, लांबण उचलली, धूर आणि वाफ उचलली. आणि ज्यासाठी हे सगळं चालतं तो गूळ तिथेच काहिलीत ठेवून दिला.

या लेखाचं म्हणणं सरळ आहे. गुऱ्हाळ ही वेळ घालवण्याची जागा कधीच नव्हती. फाफटपसारा आटवून, घाण काढून, नेमक्या क्षणी थांबण्याचं ते शास्त्र आहे. ते शास्त्र हातात असलेली माणसं आज कमी होत चालली आहेत, आणि त्यांची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

*

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी या तालुक्यांत नदीकाठानं हिंडलं, तर हिवाळ्यात गुऱ्हाळघर दिसण्याआधी त्याचा वास येतो. पत्र्याचं किंवा कौलाचं उंच छप्पर, शेजारी चिपाडाचे ढीग, मागे धुराडं. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि याच खोऱ्यातल्या मातीत, याच पाण्यावर वाढलेल्या उसाच्या गुळाला ‘कोल्हापुरी’ हे नाव मिळालं. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

गुऱ्हाळाचा दिवस मध्यरात्रीनंतर कधीतरी उजाडतो. ऊस आदल्या दिवशी तोडलेला असतो. तो शक्यतो चोवीस तासांच्या आत घाण्यात गेला पाहिजे, कारण तोडल्या क्षणापासून त्यातली साखर फुटायला लागते. शिळ्या उसाच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं प्रमाण वाढतं, आणि मग कितीही आटवला तरी गूळ नीट बसत नाही. चिकट, ओलसर राहतो. म्हणजे ज्या धंद्याचं नाव आपण दिरंगाईला दिलं, त्या धंद्याचा पहिलाच नियम दिरंगाई न करण्याचा आहे.

घाण्यातून निघालेला रस गाळून काहिलीत पडतो. काहील म्हणजे पसरट, प्रचंड कढई. तिच्याखाली जमिनीत खोल बांधलेलं चुलवाण, आणि त्यात जाळायला त्याच उसाचं वाळलेलं चिपाड. जाळ घालणारा माणूस चुलवाणाच्या तोंडाशी खाली बसलेला असतो. त्याला काहील दिसत नाही. वरून गुळव्या, म्हणजे गूळ करणारा मुख्य कारागीर, सांगेल तसा तो जाळ वाढवतो, ओढतो, धरून ठेवतो. दोघांचं संभाषण फार थोडक्या शब्दांत चालतं.

रस तापायला लागला, की त्यात चुन्याची निवळी पडते आणि रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचा बुळबुळीत रस मिसळला जातो. चुन्यानं रसाचा आंबटपणा कमी होतो. भेंडीचा चिकट द्रव रसातले बारीक कण, मेण, रंगद्रव्यं धरून वर आणतो. उकळी फुटायच्या आधी काहिलीवर जाड, काळपट साय जमते. तिला मळी म्हणतात. ती त्याच वेळी, हलक्या हातानं, मोठ्या झाऱ्यानं काढायची असते. उकळी फुटली की मळी रसात परत मिसळते आणि मग तिला वेगळं करणं कुणाच्या हाती राहत नाही. चांगल्या आणि वाईट गुळातला अर्धा फरक या काही मिनिटांत ठरतो.

त्यानंतर आटवणं. एक टन उसातून साधारण साडेसहाशे किलो रस निघतो आणि त्याचा गूळ होतो शंभर ते एकशेवीस किलो. बाकीचं पाचशे किलोंहून जास्त पाणी वाफ होऊन छपरातून निघून जातं. दोन-तीन तास काहील उसळत असते. फेस वर आला, की तो बसवायला तेलाचे थेंब टाकले जातात. रंग हिरवट करड्यावरून पिवळा, पिवळ्यावरून केशरी होत जातो. बुडबुडे आधी बारीक आणि चपळ असतात, पुढे मोठे, जड आणि आळशी होतात.

आता सगळं गुळव्यावर. एकशेपाच-सहा अंशांच्या आसपास उतरवली तर ती काकवी. एकशेअठरा अंशांच्या सुमारास उतरवला तर ढेपेचा गूळ. एकशेवीस-बावीसपर्यंत नेला तर गुळाची पावडर. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राच्या पुस्तिकेत हे आकडे आहेत आणि तापमापकही बाजारात मिळतो. तरी बहुतेक गुळवे अजून डोळा, कान आणि बोटं यांवर चालतात. उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडायचा, तो बोटांनी गोळा करायचा आणि भांड्याच्या कडेवर आपटायचा. टणत्कार आला, की काहील उतरवायची. दोन अंश आधी उतरवली तर गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाझरतो, दोन अंश उशीर झाला तर करपट आणि काळा होतो. त्या क्षणी गुऱ्हाळावर कुणी बोलत नाही. गुळव्याची हाक येते, चार माणसं काहिलीला भिडतात आणि पाक वाफ्यात, म्हणजे थंड करायच्या हौदात, ओतला जातो. मग लाकडी खोऱ्यानं ढवळणं, आणि घट्ट व्हायला लागताच कापड घातलेल्या साच्यांत भरणं. कोल्हापूरच्या बाजारात तीस किलोंच्या ढेपेला रवा म्हणतात. आता गिऱ्हाइकाच्या सोयीनं दहा, पाच आणि एक किलोचे रवेही निघतात.

एका काहिलीच्या या फेऱ्याला आदण म्हणतात. एक आदण उतरलं की दुसरं चढतं. दिवसभर हेच.

*

मग एवढ्या काटेकोर कामाचं नाव पाल्हाळाला कसं चिकटलं? याचं उत्तर जुन्या गुऱ्हाळाच्या रचनेत सापडतं असं मला वाटतं.

इंजिन येण्याआधी घाणा बैलांवर चालायचा. लाकडी लाटा, त्यांना जोडलेली लांब दांडी, आणि त्या दांडीला जुंपलेले बैल त्याच वर्तुळात तासन्‌तास फिरणारे. लाटांची करकर रात्रभर शिवारात ऐकू यायची. बैल चालत राहतो आणि पोचत कुठेच नाही, हे दृश्य लांबून पाहणाऱ्याच्या मनात राहिलं. त्यातच गुऱ्हाळ ही गावाची हिवाळ्यातली हक्काची बैठक होती. थंडीत चुलवाणाची ऊब, जागरण, आणि कामात मधूनमधून मिळणारी उसंत. ज्याचा ऊस त्याचे भाऊबंद, शेजारी, वाटसरू, सोयरे, सगळे तिथे टेकायचे. ‘‘या पावणं, रस घ्या,’’ ही हाक ठरलेली. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस आणि गरम गूळ दिल्याशिवाय पाठवायचं नाही, हा रिवाज आजही अनेक ठिकाणी पाळला जातो. अशा ठिकाणी गप्पा लांबणारच. जमिनीचे वाद, लग्नं, पाऊसपाणी, भुतांच्या गोष्टी, गावकीचं राजकारण. हंगाम संपेपर्यंत रोज.

घाण्याचं फिरणं आणि माणसांचं बोलणं एकाच छपराखाली चालत होतं. पाहुण्याला ते दोन्ही दिसलं. काहिलीवर वाकलेला, डोळ्यांत धूर गेलेला, बोलायला फुरसत नसलेला माणूस त्याला दिसला नाही. वाक्प्रचार रस पिऊन परत गेलेल्यांनी घडवला; गूळ करणाऱ्यांनी घडवला असता, तर ‘गुऱ्हाळ लावणं’ म्हणजे एखाद्या प्रश्नाचा पुरता अर्क काढणं, असा अर्थ झाला असता.

*

गुळाचं वय साखरेपेक्षा कमी नाही. ‘गूळ’ हा शब्द संस्कृत ‘गुड’वरून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात ठेवायच्या गोड पदार्थांची यादी आहे : फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. पहिलं आपल्या काकवीच्या जवळचं, शेवटचं साखरेच्या. रस किती आटवायचा आणि किती शुद्ध करायचा, यावरून एकाच उसाचे पाच पदार्थ ठरवणारी ही यादी म्हणजे गुळव्याच्या विद्येची जुनी नोंदच आहे.

कोल्हापुरात या विद्येला बाजार मिळाला तो राजर्षी शाहू छत्रपतींमुळे. १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. शेतकऱ्याचा गूळ परगावच्या पेठेत नेऊन मिळेल त्या भावाला विकावा लागू नये, व्यापारी कोल्हापुरात यावेत, हा त्यामागचा विचार. पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम त्यांनी सुरू केलं. पाणी आलं, ऊस वाढला, ऊस वाढला तशी गुऱ्हाळं वाढली. बैलांचे घाणे जाऊन लोखंडी चरक आणि तेलाची इंजिनं आली. ती दुरुस्त करणाऱ्या, त्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या कारागिरांमुळे कोल्हापूरच्या ओतकामाच्या धंद्यालाही बळ मिळालं. आज शहराच्या औद्योगिक वसाहतींतून देशभरातल्या वाहन कारखान्यांसाठी भाग ओतले जातात. त्या कौशल्याच्या मुळाशी शेतातल्या इंजिनाचा आणि चरकाचा वाटा आहे.

गुळाच्या नव्या हंगामाचा मुहूर्त दिवाळीचाच. बलिप्रतिपदेला, पाडव्याच्या दिवशी, कोल्हापूरच्या बाजार समितीत नव्या गुळाचे सौदे निघतात. रव्यांना हार घातले जातात, पहिल्या रव्याला चढा भाव मिळतो आणि अडत दुकानांत पेढे वाटले जातात. इथला गूळ मोठ्या प्रमाणावर गुजरातला जातो. तिथल्या घरांत डाळीपासून उंधियूपर्यंत गूळ रोज लागतो, त्यामुळे गुजरातच्या व्यापाऱ्यानं हात आखडला की कोल्हापूरचा भाव लगेच खाली येतो. जानेवारीत संक्रांतीच्या आधी मागणी चढते. पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून गूळ काळा पडतो, म्हणून बराच माल शीतगृहात जातो. आपल्या घरी अनारशांसाठी तांदळाच्या पिठात जो गूळ मिसळला जातो, तो अनेकदा याच साखळीतून फिरून आलेला असतो.

*

या धंद्यात खोट आहे, आणि गुऱ्हाळाची बाजू मांडताना ती लपवून चालणार नाही.

पहिली खोट रंगाची. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो. उसाचा रस नैसर्गिकरीत्या आटला, तर गूळ तांबूस, तपकिरी, कधी गडद होतो. जमिनीत क्षार जास्त असतील, युरिया भरमसाट पडला असेल, तर रंग आणखी उतरतो. मग काहिलीत ‘हायड्रॉस’ पडतं. हे सोडियम हायड्रोसल्फाइट रंग उडवतं आणि गूळ उजळतो. हा उजळपणा टिकत नाही. काही आठवड्यांत रंग पुन्हा गडद होतो आणि मागे गंधकाचा अंश राहतो. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार गुळात सल्फर डायॉक्साइडचं प्रमाण दशलक्ष भागांत ७० पेक्षा जास्त असता कामा नये. सौद्यात मात्र रव्याला भाव अजून डोळ्यांनीच दिला जातो, आणि प्रयोगशाळेत तपासलेल्या तांबूस गुळापेक्षा न तपासलेला पिवळा गूळ वरचढ ठरतो. या खोटेपणात गुळव्याइतकाच पिवळ्यासाठी हट्ट धरणारा तुमचा-माझा डोळाही भागीदार आहे.

दुसरी खोट साखरेची. बाजारात साखर स्वस्त आणि गूळ महाग झाला, की काहिलीत साखरेची पोती रिकामी होतात. रवा टणक बसतो, रंग चांगला येतो, वजन वाढतं. खाणाऱ्याला गुळाच्या नावानं विरघळवून परत घट्ट केलेली साखर मिळते. प्रामाणिक गुऱ्हाळवाला यात दोनदा मारला जातो : त्याचा खर्च जास्त आणि त्याचा माल दिसायला डावा. तिसरी खोट नावाची. दुसरीकडे तयार झालेला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो. मानांकन कागदावर आहे. ते रव्यावर दिसण्यासाठी गुऱ्हाळाची नोंदणी, तपासणी आणि शिक्का लागतो, आणि त्याची मागणी गिऱ्हाइकाकडून आल्याशिवाय बाजार हे करणार नाही.

कोल्हापुरात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. कोणत्या उसाचा गूळ चांगला बसतो, भेंडी किती घालावी, चुलवाणात चिपाड कमी कसं लागेल, काहील कोणत्या अंशाला उतरवावी, याची उत्तरं तिथे अनेक वर्षांच्या कामातून मिळाली आहेत. को ९२००५ सारख्या वाणाची शिफारस गुळासाठी झाली ती अशाच कामातून. रसायनाशिवाय चांगला गूळ करता येतो, हे सिद्ध झालेलं आहे. अडलंय ते भावात. चांगल्या गुळाला वेगळा भाव मिळत नाही, तोवर ती पुस्तिका कपाटातच राहणार.

*

दरम्यान गुऱ्हाळं बंद पडताहेत. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्या वाटेनं पश्चिम महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक नदीकाठी कारखाने आले. त्यांनी ऊस उत्पादकाचं भलं केलं, यात शंका नाही. कारखान्याला ऊस घातला, की तोडणी-वाहतूक कारखाना बघतो, केंद्र सरकारनं ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर मिळतो आणि कायद्यानं तो चौदा दिवसांत मिळायला हवा. गुळाला असा कोणताही आधारभाव नाही. गुऱ्हाळ लावणारा शेतकरी तोडणीपासून सौद्यापर्यंतची सगळी जोखीम अंगावर घेतो आणि शेवटी अडत दुकानात उभा राहून पुकारला जाईल तो भाव ऐकतो. उसाचा दर वाढला की त्याचा कच्चा माल महागतो; गुळाचा दर त्या प्रमाणात वाढेलच असं नाही.

त्यावर मजुरांची टंचाई. एका गुऱ्हाळाला दहा-पंधरा माणसं लागतात, आणि काम रात्रीचं, धगीचं, भाजण्याच्या भीतीचं. गुळव्याचं पोर आयटीआय करून एमआयडीसीत जातं, आणि त्याला दोष देता येणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पंचगंगेच्या काठची उसाची शेतं कित्येक दिवस पाण्याखाली ठेवली. ज्यांची गुऱ्हाळघरं नदीलगत होती त्यांची चुलवाणं गाळानं भरली. एकदा बंद पडलेलं चुलवाण परत पेटवायला पैसा लागतो आणि धीरही लागतो. पुणे जिल्ह्यात दौंडकडच्या भागात गुऱ्हाळं जवळजवळ वर्षभर चालताना दिसतात, परप्रांतीय कामगार तिथे राबतात. तिथे प्रश्न निराळे आहेत. कोल्हापूरच्या खोऱ्यात मात्र गेल्या दोन-तीन दशकांत ज्या गावात पाच-सहा धुराडी दिसायची तिथे आता एखादं दिसतं, हे गावकरी सांगतात आणि रस्त्यानं जाताना दिसतंही.

ही घसरण थांबवणाऱ्या गोष्टी अवघड नाहीत. चांगल्या गुळाचा सौदा रंगावर न होता तपासणीवर व्हावा, आणि तपासणीची सोय बाजार समितीच्या आवारात, सौद्याच्या आधी मिळावी. मानांकनाचा शिक्का रव्यावर असावा आणि नसेल तर ‘कोल्हापुरी’ म्हणायला मनाई असावी. गुळव्याच्या विद्येला कौशल्य म्हणून मान्यता मिळावी, तिचा अभ्यासक्रम व्हावा, शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळावं. गवंडी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना प्रमाणपत्र मिळतं, तर डोळ्यांनी एकशेअठरा अंश ओळखणाऱ्याला का मिळू नये? आणि गिऱ्हाइकानं दुकानात पिवळ्या ढेपेवरून हात काढून तांबूस ढेपेवर ठेवावा. चव घेऊन पाहावी : चांगला गूळ खारट लागत नाही, जिभेवर विरघळताना कचकच करत नाही आणि मागे उसाचा स्वाद ठेवून जातो.

सभांनाही या कामाकडून घेण्यासारखं बरंच आहे. विषय ताजा असतानाच घ्यावा, मळी उकळी फुटण्याआधी काढावी, पाणी आटू द्यावं आणि टणत्कार ऐकू आला की थांबावं. जी बैठक असं करते, तिला खुशाल गुऱ्हाळ म्हणावं. ते तिचं कौतुक ठरेल. नुसतं फिरत राहणाऱ्या, काही न आटवणाऱ्या, काही न उतरवणाऱ्या चर्चेला मराठीत इतर पुष्कळ नावं आहेत.

शब्द तर टिकणारच आहे. मथळे लिहिणाऱ्यांना तो हवा आहे आणि सभा लांबायच्या थांबणार नाहीत. टिकायला हवी ती जागा, जिच्यावरून हा शब्द आला. पाडव्याच्या सौद्यात गुळाला जो भाव पुकारला जाईल, तो गुळव्याच्या पोराला काहिलीपाशी थांबवायला पुरतो की नाही, यावरच गुऱ्हाळ हे उद्या गुळाच्या घराचं नाव राहील की फक्त रिकाम्या बोलण्याचं, हे ठरणार आहे.